गुलाबाबरोबर आलेलं गवत

१२ मार्च

विहीणबाई,

नमस्कार करते आणि आधीच सांगते, चष्मा लावून बसा. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. दुसरीत शाळा सुटली माझी, का सुटली ते पुढं कधीतरी सांगेन, मजा आहे त्यात. पण सूनबाई म्हणाली, आई, पत्र तुम्हीच लिहा. माझ्या पत्रात आईला बाळाचं वजन कळतं, तुमच्या पत्रात बाळ कळतं. बघा, तुमची लेक कशी गोड बोलून काम करून घेते! शेवटी लेक कुणाची?

तर बाळ. नाव ठेवलंय ते कागदावर, घरात तो गोळ्याच. लोण्याचा गोळा उन्हात ठेवावा तसा मांडीवर पसरतो. आता मान धरायला लागलाय. काल माझं नाक असं धरून ओढलं की माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि लबाड हसला. पहिलं हसू या आजीला! तुमचा नंबर नंतर, राग मानू नका. या वयात मला आणखी काय पाहिजे सांगा. घरात एवढंसं माणूस आलं आणि घर कसं भरून गेलं. सकाळी डोळा उघडला की मी आधी त्याच्या झोळीत डोकावते, मग देवाचं नाव. देवाला सवय झालीय.

माझा लेक वखारीत जायच्या आधी त्याला तबेल्यात नेऊन ठकीला दाखवतो. ठकी म्हणजे आमची घोडी, तुम्ही पाहिलीय, कपाळावर पांढरा ठिपका. कोळशाची गाडी ओढून ओढून काळी दिसते, पण धुतली की तांबूस निघते. शिंगरू होती तेव्हापासून लेकानं वाढवलीय. आमचं सगळं घर तिच्या पाठीवर. मी सूनबाईला चिडवते, ही तुझी थोरली सवत गं बाई. ती म्हणते, म्हणून तर संध्याकाळचा चारा मी घालते, थोरलीची सेवा केलेली बरी.

हां, मुद्द्याचं राहिलं. थंडीत तुम्ही बाळासाठी म्हणून गुलाब पाठवलात ना, तो मी कुंडीत ठेवला नाही. अंगणाच्या कोपऱ्यात मोरीचं पाणी मुरतं, तिथं कायम ओल असते, तिथं मातीसकट लावला. गुलाब जरा रुसून बसलाय. पण त्याच्या बुंध्याशी काय आलंय म्हणून सांगू! बोटाएवढे कोंब. पान नाही, फूल नाही, हिरवा रंग औषधाला नाही. फिकट तपकिरी, डोक्यावर बोंडूक, जसं काही सापानं जमिनीतून मान काढलीय. टिचकी मारली की पिवळट हिरवी धूळ उडते. गोळ्याच्या झबल्यावर बसली, मी फुंकून काढली. व्याहीबुवांना विचारा, हा कुठला पाहुणा? नर्सरीवाल्याला सगळं ठाऊक असतं.

सगळ्यांना विचारल्याचं सांगा.

तुमची विहीण

२२ मार्च

विहीणबाई,

पत्र पोचलं. बाळाचं वाचून बरं वाटलं. मी तुमच्यासारखी लांबण लावत नाही. नर्सरीत पावत्या आणि पाट्या लिहायची सवय, तेवढंच जमतं.

ते कोंब म्हणजे तण आहे. कापा आणि लगेच जाळून टाका, धूळ उडू देऊ नका. अंगणात ओल असली की असलं काही येतंच, कुठूनही येतं. यांना विचारलं. जाळा म्हणाले, दुसरं काही बोलले नाहीत.

तो गुलाबही काढून टाका. रुसलेलं झाड ठेवू नये. मी दुसरा पाठवते, मुळं धुऊन.

चिमीला म्हणावं, रात्री बाळाला पाजून झालं की स्वतःही काहीतरी खात जा. ती सांगत नाही, पण तिला भूक सहन होत नाही.

तुमची विहीण

२० एप्रिल

विहीणबाई,

तुमच्यावर रुसले होते मी, म्हणून उशीर. म्हणे गुलाब काढून टाका! नातवाच्या नावानं आलेलं झाड, ते मी उपटू होय? आणि ते तण म्हणालात ना, ते तण मोठं गुणाचं निघालं.

ते तपकिरी कोंब आपोआप सुकून गेले. मी म्हटलं, गेली ब्याद. तर मागून हिरवे आले. आणि काय देखणे! बारीक बारीक काड्यांचे झुपके, थरावर थर, बाटली घासायचा ब्रश असतो तसे. आम्ही त्यांना शेपट्या म्हणतो. दांडी पोकळ आणि सांध्यासांध्याची. एका सांध्यावर ओढली की टक् करून सुटते, परत बसवली की बसते. मी बसल्या जागी दहादा सोडते आणि जोडते, गोळ्या टक लावून बघतो. फुकटचं खेळणं.

आणि खरखरीत इतकी की विचारू नका. मूठभर घेऊन करपलेलं पातेलं घासलं, राख नाही, साबण नाही, चकचकीत! त्यात तोंड दिसलं माझं. ते काही चांगलं दिसत नाही, पण दिसलं खरं. आता शेजारणी मागायला येतात. मी देते, मुळासकट देते, लावा म्हणते तुमच्याही मोरीपाशी.

मुळाची गंमत सांगते. तुमचं ऐकायचं म्हणून एकदा कुदळ घेतली, खोटं नाही बोलत. खणलं. मूळ कसलं, काळी दोरी! खाली खाली जातेच आहे, तिला मण्यांसारख्या गाठी. माझा हात कोपरापर्यंत आत गेला, तरी शेवट नाही. कंटाळून तुकडे केले आणि माती लोटली. पंधरवड्यात तुकड्या तुकड्यातून शेपटी! एकाच्या जागी वीस. आता कोपरा भरून तबेल्याच्या भिंतीपर्यंत पोचलंय, खडी टाकलीय तिथूनही वर येतंय. मी म्हटलं, हे तर आमच्या गोळ्यासारखं, दिसामाशी वाढणारं.

परवा लेकानं गाडीतून एक कोळशाचा तुकडा आणून दाखवला. त्यावर ठसा, सांध्यासांध्याचा, हुबेहूब शेपटीची दांडी, पण मनगटाएवढी जाड. वखारीतला मुकादम म्हणाला, कोळसा म्हणजे जुनी जंगलंच, माणूस नव्हता तेव्हाची. तेव्हा ही झाडाएवढी असेल. म्हणजे बघा, किती जुन्या घराण्याचं तण पाठवलंत तुम्ही! अहो थट्टा केली. तुम्ही कशाला पाठवाल.

आणि शेवटची बातमी, ही वाचून तुम्ही मला शाबासकी द्याल. यंदा गवत महाग. मी शेपट्या ठकीपुढं टाकल्या, तिनं नाक उडवलं. महाराणी! तोंड फिरवून उभी. सूनबाई म्हणाली, आई, जनावराला कळतं, नका घालू. मी म्हटलं, पोरी, तुझ्यापेक्षा जास्त उन्हाळे बघितलेत मी. मग शेपट्या वाळवल्या, कुस्करल्या, आणि दुपारी कोंड्यात कालवून ठेवल्या. संध्याकाळी सूनबाईनं घातल्या आणि ठकीनं घमेलं चाटून पुसून साफ केलं. आता रोज. लेकाला अजून सांगितलं नाही, गवताची गंजी उरलेली बघेल तेव्हा आईचं डोकं कळेल त्याला.

उगाच जळू नका, पाहिजे तर पोतंभर पाठवते.

तुमची विहीण

२८ एप्रिल

विहीणबाई,

ते गवत घोडीला घालू नका. लगेच बंद करा. पचायला जड असतं, पोट फुगतं, फुगून जनावर दगावतं.

यांना त्या तणाचं विचारलं. त्याला फूल येत नाही, बी येत नाही, त्या धुळीवर आणि मुळावर चालतं. मूळ दोन पुरुष खोल जातं. वरून औषध मारलं तर पानच नाही, औषध धरणार कशाला? सगळं ओघळून जातं. खणलं तर वाढतं. जिथं जमिनीखाली पाणी साचून असतं तिथं ठाण मांडतं आणि थंडीत मेल्यासारखं करून परत येतं. शेजाऱ्यांना मुळं देऊ नका. आणि कुठून आलं असं कुणी विचारलं तर ओलीनं आलं म्हणा.

पोट फुगतं, एवढं ध्यानात ठेवा.

बाळाला दृष्ट लागेल इतकं लिहीत जाऊ नका.

तुमची विहीण

१७ मे

विहीणबाई,

गोळ्या कुशीवर वळला! मी ओरडले तर लेक तबेल्यातून धावत आला, त्याला वाटलं काय झालं. वळून पालथा पडला आणि हात अडकला म्हणून रडला. वळायचं कळतं, पण पुढं काय करायचं ते कळत नाही. सगळ्या पुरुषांचं असंच, आमचे हे असते तर म्हणाले असते, माझ्यावर गेलाय.

तुमचं पत्र वाचून मी घाबरले होते हो. दोन दिवस शेपट्या बंद केल्या. रोज ठकीच्या पोटाला कान लावून उभी राहिले. टिचक्या मारल्या, ढोलासारखं वाजतंय का बघितलं. काही नाही. पोट मऊ, शेण चांगलं, खायला वाघासारखी. फुगणं तर सोडाच, उलट आत गेलंय पोट. म्हणून परत सुरू केलं. व्याहीबुवा झाडांतले, घोड्यांतले नव्हेत. त्यांना सांगा, विहिणीनं कान लावून बघितलंय.

पण आमच्याकडे दुसरंच घोंगडं भिजत पडलंय. ठकी वाळत चाललीय. घमेलं चाटून पुसून खाते, तरी बरगड्या दिसायला लागल्या. चढावर दमते. परवा वळताना मागचे पाय एकमेकांत अडकले. लेकाच्या जिवाला घोर लागलाय. तो दिवसभर वखारीत, त्याला काय दिसतं? सकाळी तो घालतो, संध्याकाळी सूनबाई. त्याच्या डोक्यानं घेतलं की बाळ झाल्यापासून हिचं घोडीकडे लक्ष नाही. काल म्हणाला, "तू पुरता चारा घालतेस का?"

ती म्हणाली, "घमेलं भरून घालते."

"मग ही अशी का?"

"मला काय विचारता, मला विचारून का कालवतं कुणी?"

"उलट बोलू नकोस. खाल्लेलं कुठं जातं मग? हवेत?"

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? गोळ्या नुकता मांडीवर झोपला होता, बोलले असते तर उठला असता. आणि शेपट्यांनी काही होत नाही हे तर मी बघितलंच आहे, उगाच मधे नवीन विषय कशाला. नवराबायकोची कुरबुर, दोन दिवसांत निवळते. आमच्यात तर भांडी फेकाफेक व्हायची.

काळजी करू नका. तुमच्या लेकीला मी पोटच्या पोरीसारखी बघते.

तुमची विहीण

२५ मे

विहीणबाई,

काल दुपारी चिमी दारात येऊन उभी राहिली. कडेवर बाळ, हातात एक पिशवी. गालावर बोटं उमटलेली.

पोटच्या पोरीसारखी बघता ना? मग पोटच्या पोरीला सकाळच्या गाडीनं बाळासकट कुणी जाऊ दिलं? तुमचा लेक म्हणाला, घोडीला उपाशी मारणारी बाई मला घरात नको. हे तो तुमच्यासमोर म्हणाला. तुम्ही कुठं होतात? ती सांगते, आई बाळाची दुपटी घडी घालत होत्या.

माझ्या मुलीनं आयुष्यात मांजराचंही दूध तोडलं नाही.

बाळ ठीक आहे. इथं खेळतंय. पत्रं लिहायची काही गरज नाही.

चिमीची आई

२ जून

विहीणबाई,

तुम्ही लिहू नका म्हणालात तरी लिहिते. माझं तोंड बंद राहत नाही ते तुम्हाला माहीत आहे, हाताचं तरी कसं राहील.

लेकानं हात उचलला ते वाईटच झालं. मी त्याला बोलले. नंतर बोलले, तेव्हा जमलं नाही. तो घोडीच्या काळजीनं वेडापिसा झालाय हो. माणूस वाईट नाही, तुम्हाला माहीत आहे. येतो म्हणतो घ्यायला, पण ठकीला सोडून हलत नाही. ती आता उभी राहिली तरी झुलते, जशी काही दारू प्यायलेली. तरी कामाला जुंपावी लागते, दुसरं जनावर कुठं आहे आमच्याकडे? आता मीच दोन्ही वेळा घालते, पुरतं घालते, कुणी बोट दाखवायला नको. गंजीतलं गवत संपत आलं, शेपट्यांवरच भागवते. अंगणभर झाल्यात, काही कमी नाही. खाते बिचारी सगळं.

घर कसं झालंय सांगू? झोळी काढली नाही. जाता येता हात लागतो, हलते रिकामी. गोळ्याला पालथं निजायची सवय लावू नका, नाक दबतं त्याचं. रात्री उठला तर पाठीवर थोपटायचं नाही, कपाळावरून एक बोट फिरवायचं, वरून खाली. लगेच झोपतो. हे चिमीलाही माहीत नाही, मला एकटीला माहीत आहे. म्हणून लिहिलं.

दात आला का? एवढं तरी कळवा.

तुमची विहीण

२१ जून

विहीणबाई,

मोठं लिहवत नाही.

पुलाच्या उतारावर ठकीचे मागचे पाय गेले. गाडी भरलेली. लेक पुढं होता, लगाम धरून, तिला चुचकारत. तिनं पडता पडता मान वळवून त्याच्याकडे बघितलं म्हणतो. चाक त्याच्या पायावरून गेलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ठकीला उठता येईना, जनावरांच्या डॉक्टरनं तिथंच सुई दिली. त्याला गाडीखालून ओढत होते तेव्हा तो म्हणत होता, आधी तिचा साज सोडा.

शुद्धीवर आला तेव्हा पहिलं काय म्हणाला सांगू का नको? म्हणाला, तिनं चारा घातला असता तर हे झालं नसतं. तुमच्या लेकीचं नाव घेतलं नाही. नुसतं 'तिनं'.

तिला हे सांगा किंवा सांगू नका. मला काही सुचत नाही.

तुमची विहीण

३० जून

विहीणबाई,

हे पत्र एकट्या असताना वाचा. नाही, नको. लेकाला वाचून दाखवा, मोठ्यानं.

पोट फुगतं हे मी खोटं लिहिलं.

तुमचं शेपट्यांचं पत्र आलं त्याच दिवशी मी यांना विचारलं होतं. हे म्हणाले, हिरवं असतं तोवर घोडा तोंड लावत नाही, पण वाळलेलं कोंड्यातून पोटात गेलं की हळूहळू पाय जातात. खातं भरपूर आणि वाळत जातं, मग झुलायला लागतं, मग पडतं. वेळेवर बंद केलं तर उठतं. तेव्हा वेळ होता.

हे सगळं लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, एवढं तुम्हाला कसं ठाऊक. ते आमच्या नर्सरीत आहे. नदीकाठची माती आणली होती, तिच्यातून आलं. आम्ही वरच्या वर खुडतो, पाटी लावतो आणि विकतो. कुंड्या कुंड्यांत मुळं आहेत. कळलं तर एक रोप कुणी घेणार नाही, सगळा माल जाळावा लागेल. तुमच्या गुलाबातून तेच गेलं. हे म्हणाले, काहीतरी सांग, पण हे सांगू नकोस. मी पोटाचं लिहिलं. मला वाटलं, जनावर मरेल म्हटलं की माणूस ऐकतंच. तुम्ही कान लावून बघाल असं माझ्या स्वप्नात आलं नाही.

पुढचं यापेक्षा वाईट आहे. चिमी आली, तिनं सांगितलं घोडी झुलते. मला त्या क्षणी कळलं. एका ओळीचं काम होतं. पण लिहिलं असतं तर तुमचा लेक दुसऱ्या दिवशी हात जोडून दारात आला असता आणि चिमी गेली असती. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. मी म्हटलं, उद्या लिहू. कपाळावरून बोट फिरवलं की खरंच झोपतं.

चिमीला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी चारा घालत होते, हे तुम्हा दोघींना माहीत होतं." मी काही बोलायच्या आत उठून गेली.

दात आलाय. खालचा.

चिमीची आई

२० जुलै

विहीणबाई,

तुमचं पत्र लेकाला वाचून दाखवलं. मला वाचायला वेळ लागतो, एकेक अक्षर जुळवत गेले, त्यामुळं त्यालाही एकेक अक्षर ऐकावं लागलं. मधे थांबले नाही. संपल्यावर तो म्हणाला, "कोंड्यात कोण कालवत होतं?" मी म्हटलं, मी. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून पाणी मागायचं असलं तरी भांडं वाजवतो, आई म्हणून हाक मारत नाही.

तुम्हाला शिव्या द्याव्यात असं दोन दिवस ठरवलं होतं. चांगल्या चांगल्या आठवूनही ठेवल्या होत्या. पण तोंडापर्यंत आल्या की माझ्याच घशात अडकतात. तुम्ही खोटं लिहिलंत, आणि मी खरं काही विचारलंच नाही. पोरीनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, जनावराला कळतं.

काल ती आली होती. तुमच्याकडून निघून आता काही दिवस झाले म्हणाली. मला वाटलं होतं, तुमच्याकडेच आहे. शहराच्या त्या टोकाला कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम मिळालंय, खोली घेतलीय. मी म्हटलं, आत ये. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. दारातून तिला त्याची खाट दिसत होती, आणि पांघरूण जिथं सपाट होतं तेही. तो उठायला गेला, विसरला की पाय नाही, आडवा झाला.

म्हणाला, "माझं चुकलं."

ती म्हणाली, "हो."

"घरी ये."

"तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाही. तुम्ही सांगितलंत, मी काय केलं ते."

मी मधे पडले. म्हटलं, पोरी, दोष माझा, मला काय ते बोल. तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी तसंच, त्या दिवशी बघितलं होतं तसं. यावेळी माझ्या मांडीवर कुणी नव्हतं.

मग विचारलं, तू कारखान्यात जातेस तेव्हा गोळ्याला कोण बघतं? म्हणाली, "बघतं कोणीतरी." दोन आज्या जिवंत, विहीणबाई, आणि कोणीतरी बघतं.

तिच्या कडेवरच्या गोळ्यानं मला ओळखलं. दोन्ही हात पुढं केले, अंग झोकून दिलं माझ्याकडे. तिनं त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. आपली एक शिवणाची पेटी राहिली होती, तेवढी मागितली आणि गेली. मी फाटकापर्यंत मागं गेले. पत्ता विचारला. म्हणाली, "नको आई." रागावून नाही म्हणाली. रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

एवढंच मागते. पत्ता तिनं तुम्हाला दिला असेल तर मला सांगू नका, कुठली गल्ली, कुठलं घर, काही नको. मी येणार नाही, शपथ घेते. फक्त दिलाय एवढं कळवा. म्हणजे आपल्यातल्या एकीला तरी ठाऊक आहे, तो कुठं झोपतो, एवढ्यावर मी राहीन.

तुमची विहीण

२९ जुलै

विहीणबाई,

मलाही दिला नाही.

तुमची विहीण